उघडा आकडा

आमच्या वहिनीला घरात सगळे 'दोन-काय' म्हणतात. तोंडावरच म्हणतात, कारण पाठीमागे म्हटलेलंही तिला ऐकू येतंच. स्वयंपाकघराकडे बघून नुसतं ओरडा, "वहिनी, माझ्या चहात साखर दोन!" की तिकडून आलंच, "दोन काय? चमचे की वाट्या?" अगं बाई, चहात कोणी दोन वाट्या साखर घालतं का! दादा म्हणाला, "पाचला निघू," तर म्हणे, "सकाळी की संध्याकाळी?" हे ती दुपारी चार वाजता विचारते. यावरून मी तिच्याशी इतकी भांडले आहे की आता भांडायचाही कंटाळा येतो.

पण खरं सांगायचं तर त्यात तिचा दोष नाही. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हापासून ती औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी. तिथे नुसता आकडा म्हणजे घात. डॉक्टर घाईघाईत 'पाच' लिहून मोकळे होतात. पाच मिलिग्रॅम, पाच मिलिलिटर की पाच दिवस? ते काय काउंटरवरच्या बाईने मनाने ठरवायचं? वहिनी ठरवत नसे. सरळ फोन लावायची. डॉक्टर वैतागायचे, गिऱ्हाईक वैतागायचं, रांगेतला शेवटचा माणूस तर फारच वैतागायचा, पण उत्तर मिळाल्याशिवाय बाटली तिच्या हातातून सुटायची नाही. "आकडा उघडा ठेवायचा नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. ते ती पोळपाट धुतानासुद्धा म्हणते.

मग दुकानाच्या मालकाच्या मुलांनी दुकान विकलं. तिथे आता बुटांचं दुकान आहे. वहिनीची चाळिशी केव्हाच उलटलेली, दोन्ही गुडघे दुखणारे. गावभर शाखा असलेल्या औषधांच्या मोठ्या साखळी दुकानातून निरोप आला होता, या म्हणून. पण तिथे दिवसभर उभं राहायचं आणि स्टूल ठेवायची परवानगी नाही. वहिनी म्हणाली, "मी आता बसून काम करणार." आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून वेबपेजं बनवायला शिकायला बसली.

आईचा तिळपापड झाला. आई म्हणजे माझी आई, वहिनीची सासू. "चांगलं औषधाचं हातचं काम, ते सोडून हे काय खुटूखुटू? उद्या टेबलावर ताटं कुठे मांडायची?" वहिनी म्हणायची, "आई, ताटं मांडायच्या आत उचलते." आणि उचलायची. मीही काही कमी टोमणे मारले नाहीत. मी याच घरात राहते, लग्न केलेलं नाही, आणि त्याचं कारण कोणी विचारलेलं मला आवडत नाही.

दीड वर्षाने तिला काम मिळालं. सायकलींच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर एक छोटी कंपनी आहे. चार टेबलं, एक खिडकी आणि पंख्याची कुरकुर. मालक आमच्या दादापेक्षा पुष्कळ लहान, आवाज मऊ, पण बोलणं रोखठोक. तो म्हणाला, "तीन महिने बघू. जमलं तर कायम, नाही तर नाही. मनात राग धरायचा नाही." वहिनीने राग धरला नाही, पण त्या दिवसापासून तिची झोप उडाली. नाही जमलं तर साखळी दुकान होतंच, ते उभं राहणं आणि ते गुडघे. ती कोणाला बोलून दाखवत नसे. मला दिसत होतं.

आता योगायोग बघा. मी ज्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते, त्या दवाखान्याचं काम याच कंपनीकडे. पेशंट तपासून गेला की डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं, कुठलं औषध, किती, केव्हा, पुन्हा कधी यायचं, ते त्याला ईमेलने जातं. आमच्या संगणकाच्या पडद्यावर ते छान दिसायचं; मोठी अक्षरं, फिकट निळी चौकट, ओळींमध्ये ऐसपैस जागा. पण तेच ईमेलने गेलं की सगळा साज उतरायचा आणि पेशंटच्या हातात बारीक अक्षरांचा गिचमिड काला पडायचा.

का, ते वहिनीने मला मटार सोलता सोलता सांगितलं. पडद्यावरचं रूप जावास्क्रिप्ट या वेबपेजांच्या भाषेत ऑब्जेक्ट म्हणून ठेवलेलं असतं. ऑब्जेक्ट म्हणजे कप्प्यांचं कपाट. एका कप्प्यावर लिहिलंय 'अक्षराचा आकार', आत अठरा. दुसऱ्यावर 'मागचा रंग', आत निळा. ईमेलला कपाट कळत नाही. त्याला सगळं एका ओळीत, एका दमात सांगावं लागतं: हे इतकं, अर्धविराम, ते तितकं, अर्धविराम. ती ओळ म्हणजे सीएसएसची, रंगरूप सांगणाऱ्या भाषेची, स्ट्रिंग. त्यात इंग्रजी नावं लिहायची तऱ्हाही वेगळी. कपाटावर दोन शब्द चिकटवून दुसऱ्याचं पहिलं अक्षर मोठं करतात, ओळीत तेच अक्षर लहान करून आधी छोटी रेघ घालतात.

"मग हे करतं कोण?" मी विचारलं.

"हाताने करतात. दर वेळी, दर चौकटीला. काहीतरी राहतंच."

"आणि आता?"

"आता मला दिलंय. कोणाला नको असलेलं काम नव्या माणसाला देतात ना, तसं." आणि हसली. "पण मी हाताने नाही करणार. कपाट एका बाजूने आत टाकलं की दुसऱ्या बाजूने ओळ बाहेर आली पाहिजे, असं काहीतरी लिहीन."

आणि लिहिलं की हो! छोटंसंच होतं म्हणे, पण चालायला लागलं. प्रत्येक कप्प्याशी जायचं, नाव बदलायचं, आतलं उचलायचं, ओळीत लावायचं. कप्पा रिकामा असेल तर तो सोडून पुढे जायचं. आणि आत नुसता आकडा सापडला तर? हा प्रश्न कोणाला विचारताय? दोन-कायला! अठरा काय? अठरा पिक्सेल. पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा ठिपका, तिथलं माप. वहिनीने एकही आकडा उघडा ठेवला नाही. सगळ्यांच्या मागे पिक्सेल जोडून टाकलं. संध्याकाळी घरी आली ती नाचतच. ऑफिसच्या मोठ्या पडद्यावर ईमेल उघडून पाहिली होती, मालकाने मान डोलावली होती, आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलाने, ज्याला सगळे 'हेडफोन' म्हणतात, त्याने चक्क हेडफोन काढून पाहिलं होतं.

सोमवारी सकाळी, आदल्या आठवड्यात तपासलेल्या सगळ्यांना त्या ईमेल गेल्या. आणि आमच्या दवाखान्याचा फोन वाजायला लागला.

पहिली बाई म्हणाली, "औषधं एकावर एक बसलीत." मला वाटलं सकाळीच हिची तब्येत बिघडली. दुसरा म्हणाला, "सगळ्या ओळी एकाच जागी छापल्यात का?" एक आजोबा घाबऱ्याघुबऱ्या विचारतात, "बाई, तुम्ही मला काळी पट्टी पाठवलीत. कोणी गेलं का?" मी म्हटलं, "आजोबा, अजून तरी कोणी नाही, पण आता मी एकाचा जीव घेणार आहे." समोर पेशंटची रांग, कानाला फोन, दुसरा फोन टेबलावर ठणाणा करतोय. नाकी नऊ आले. मी माझ्या फोनवर ती ईमेल मागवून बघितली. खरंच काळी पट्टी! वरची ओळ खालच्या ओळीवर, तिच्यावर तिसरी, अक्षरांचा नुसता चिखल.

मी कंपनीला फोन लावला आणि समोरून "हॅलो" यायच्या आत सुरू झाले. "कोणी केलंय हे? त्याला द्या फोन! लोकांची औषधं आहेत ही, चेष्टा आहे का?"

पलीकडून हळू आवाज आला, "वन्सं, मीच केलंय."

रागाच्या भरात मी तेच विसरले होते. ती पुढे म्हणाली, "पण माझ्याकडे तर नीट दिसतंय." मी म्हटलं, "तुझ्याकडे भिंतीएवढा पडदा आहे. फोनवर बघ, फोनवर!" आणि आपटला रिसीव्हर.

संध्याकाळी मी तणतणत घरी आले. वहिनी आधीच आली होती, सोफ्याच्या कडेला बसली होती, अजून पर्ससुद्धा खांद्यावरच. मालकाने सांगितलं होतं की ते बंद करा, आपलं हाताने चालू द्या, आणि शुक्रवारी तुमच्याबद्दल ठरवू. शुक्रवारी तीन महिने भरत होते. मी काहीतरी लागट बोलणार होते, तेवढ्यात लक्षात आलं की आई दिसत नाही.

आई आपल्या खोलीत अंधार करून बसली होती. दिवा लावला तर म्हणाली, "राहू दे. लावून काय उपयोग?" मांडीवर तिचा जुना फोन, कोपऱ्यात काच तडकलेली. आईच्या डोळ्यांत थेंब घालायचे असतात, ती आमच्याच दवाखान्यात येते, त्यामुळे ईमेल तिलाही गेली होती. म्हणाली, "सकाळपासून बघतेय गं. सगळी अक्षरं एकमेकांत शिरलीत. गेले माझे डोळे." आणि दिवसभर ही बाई कोणाला काही न सांगता तशीच बसून होती. जेवलीसुद्धा नव्हती.

मी म्हटलं, "आई, डोळे नाहीत गं गेले, ईमेल बिघडलीय, मलाही तसंच दिसतंय." तिला खरं वाटेना. मी समजूत काढतेय असं तिला वाटलं. मी वळून पाहिलं तर दारात वहिनी उभी. तिने सगळं ऐकलं होतं. मालकासमोर, माझ्यासमोर न रडलेली बाई तिथे घळाघळा रडली. आईने "का गं, काय झालं?" म्हणून विचारलं, तर हिचं रडणं आणखीच वाढलं. ते बघून मलाही भडभडून आलं, आणि मला रडायला आलं की मी चिडते, म्हणून मी चहा टाकायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी त्या ओळीच्या मागे हात धुऊन लागली. हेडफोन म्हणाला, "कशाला डोकं फोडता? असलं तयार मिळतं, ते लावून टाका." ती म्हणाली, "लावू. आधी माझं कुठे चुकलं ते कळू दे." मालकाला म्हणाली, "आजची ईमेल हाताने करून देते, चौकटीमागून चौकट. पण उरलेला वेळ मला हे बघू द्या." त्याने खांदे उडवले. ती जेवायच्या सुट्टीत जेवली नाही, हे मला हेडफोननेच नंतर सांगितलं.

कुठला कप्पा गडबड करतोय, ते तिने लवकरच शोधलं: दोन ओळींमधलं अंतर. कपाटात तिथे होतं एक पूर्णांक सहा दशांश, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडं जास्त. तिने त्याला पिक्सेल जोडल्यावर झालं एक पूर्णांक सहा दशांश ठिपके. दीड ठिपक्याच्या अंतरावर ओळी! मोठ्या पडद्यावर प्रत्येक सूचना आपापल्या चौकटीत एकाच ओळीत मावली, म्हणून तिथे काही कळलं नाही. फोनच्या अरुंद पडद्यावर ओळ मोडली आणि खालची वरचीच्या डोक्यावर बसली.

चूक कळली, पण वहिनी अडली वेगळ्याच ठिकाणी. एवढा एक आकडा उघडा सोडायचा, ठीक. पण असे आणखी किती आहेत? आणि कोणते, ते ओळखायचं कशावरून? बुधवारी रात्रीच्या जेवणाला बसलो तरी तिचं चाललंच होतं. "आकड्याला काहीतरी माप असणारच. नाही तर तो आकडा कसला?"

मी दिवसभर रांगेशी डोकं लावून आले होते. मी कडाडले. "अगं, प्रत्येक आकड्याला कशाला हवं माप? आमच्याकडे पेशंटला टोकन देतात. टोकन सात. आता सात काय, लिटर की मीटर? सात म्हणजे सहाच्या नंतरचा आणि आठच्या आधीचा, बस! जेव आता."

वहिनीचा घास हातातच राहिला. "पुन्हा म्हण."

"काय पुन्हा म्हण?"

"टोकन."

मग ती आपल्याशीच बोलायला लागली. कोणती चौकट वर आणि कोणती खाली, तो क्रम. टोकनच ते. रंग किती पारदर्शक, तो हिस्सा. अर्धा म्हणजे अर्धा. ओळीचं अंतर ही पट. औषधातसुद्धा एकास दहा पाणी घाल म्हणतात, तिथे आपण कुठे विचारतो दहा काय? दादा म्हणाला, "विचारतेस की." आम्ही सगळे हसलो. कितीतरी दिवसांनी वहिनीही हसली. आई तेवढी हसली नाही. तिने त्या सोमवारपासून फोन हातात घेतलाच नव्हता. तिच्या थेंबांची वेळ मी सांगायची, आणि ती मुकाट्याने मान वर करायची.

गुरुवारी वहिनीने एकेक नाव हातात घेऊन विचारलं: तू माप आहेस, की पट, की हिस्सा, की क्रम? माप असेल त्याला पिक्सेल. बाकीच्यांना उघडं सोडून दिलं. उघडा सोडलेला प्रत्येक आकडा दोनदा तपासला, असं ती म्हणाली, आणि मी अजिबात चेष्टा केली नाही. मग ऑफिसात मिळतील तेवढे फोन गोळा करून प्रत्येकावर बघितलं.

मालक म्हणाला, "या वेळी सगळ्यांना एकदम नको. आधी एकाच पेशंटला पाठवू. कोणाला पाठवायचं?"

वहिनी म्हणाली, "माझ्या सासूबाईंना. त्यांचा फोन सगळ्यात जुना आहे, आणि त्यांचा विश्वास सगळ्यात कमी."

योगायोगाने शुक्रवारी आईची तपासणी होतीच. मी तिला दवाखान्यात घेऊन आले. डॉक्टरांनी डोळे पाहिले, बरे आहेत म्हणाले. आई बाहेर येऊन मला म्हणते, "ते तसंच सांगतात." वेटिंग रूम भरलेली होती. काळ्या पट्टीवाले आजोबाही आलेले. वहिनी दारापाशी उभी होती आणि तिच्या मागे तो तरुण मालक, हात खिशात घालून. आईने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं.

फोनने टिंग केलं. मी आईच्या पर्समधून काढून तिच्या हातात दिला. तिने माझ्याकडे परत ढकलला. "नको. मला नाही दिसत. तू वाच."

"मला रांग आहे," मी म्हटलं. रांग बिंग काही नव्हती, मी सगळ्यांना केव्हाच बसवलं होतं.

वहिनी जवळ येऊन तिच्या पायाशी बसली. दुखऱ्या गुडघ्यांनी, फरशीवर. "आई, एकदाच उघडा. माझ्यासाठी."

आईने चष्मा वर केला, खाली केला. पडद्यावर बोट ठेवलं. मला वहिनीकडे बघवेना. आईचं बोट पहिल्या ओळीवरून सरकलं. मग तिचे ओठ हलले.

"डाव्या डोळ्यात..."

थांबली. फोन थोडा लांब धरला. आणि खणखणीत आवाजात, दिवाणखान्यात भांडताना लावते त्या पट्टीत, सुरू झाली. "डाव्या डोळ्यात एक थेंब, सकाळी आठ वाजता. उजव्या डोळ्यात एक थेंब, सकाळी आठ वाजता आणि रात्री नऊ वाजता. थेंब घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून बसावे." वेटिंग रूममधले लोक बघायला लागले. आई थांबेना. पुढची तारीख वाचली. दवाखान्याचा पत्ता वाचला. फोन नंबर वाचला. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत 'या ईमेलला उत्तर देऊ नये' होतं, तेही वाचलं, आणि म्हणाली, "का देऊ नये? मी देणार!"

आजोबांनी टाळी वाजवली. देवाशप्पथ, टाळी वाजवली. मग बाकीच्यांनीही.

"माझे डोळे आहेत गं," आई म्हणाली. वहिनीचं तोंड दोन्ही हातांत धरून पुन्हा म्हणाली, "आहेत गं माझे डोळे!" दोघी रडत होत्या, मी रिसेप्शनच्या काचेमागे रडत होते, आणि कोणावर चिडावं ते मला सुचत नव्हतं.

मालक पुढे येऊन आईच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावत होता. आईने मान वळवून त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिला वाटलं कोणी पेशंट असेल बिचारा. म्हणाली, "तुम्हाला पण वाचता येत नाही का? द्या तुमचा फोन, मी वाचून देते. माझ्या सुनेने केलंय हे."

त्याने खरोखर खिशातून फोन काढून तिच्या हातात दिला. मग वहिनीला म्हणाला, "आज किल्ली घेऊन जा. सोमवारपासून ऑफिस तुम्हीच उघडायचं."

"म्हणजे कायम?" वहिनीने विचारलं. तशीच फरशीवर बसून, डोळे पुसत. एवढं झालं तरी हिला नक्की शब्द हवाच!

"कायम."

"किती वाजता उघडायचं?"

"नऊला."

आमची वहिनी तोंड उघडणार, एवढ्यात आईने तिच्या तोंडावर हात ठेवला आणि मालकाला म्हणाली, "सकाळी नऊला. येईल ती. आता उठवा तिला, गुडघे दुखतात तिचे."